पहिले दोन धरायचे नाहीत

कुठल्याही बोर्डावर चार-पाच वर्षं काढा, बाकी काही मिळो न मिळो, किस्से मिळतात. ते कोणी गोळा करत नाही. कपडे वाळवायच्या मशीनच्या जाळीत रोज थोडा थोडा कापूस साचतो ना, तसे ते आपोआप साचतात. माझं दुर्दैव एवढंच, की आमच्या बोर्डाच्या बहुतेक किश्श्यांमध्ये फजिती झालेला माणूस मीच आहे!

बोर्ड म्हणजे शेतकी कॉलेजचं. मी राहतो वेलिंग्टनजवळ अप्पर हटला, नोकरी वेलिंग्टनला आयटीत, आणि कॉलेज डोंगरापलीकडे. घाटातून गाडी काढायची, पलीकडे उतरलं की मेंढ्या, गाई आणि वारा. शंभर वर्षांहून जुनं कॉलेज. बोर्डरूमच्या भिंतीवर पहिल्या गव्हर्नरांचे, म्हणजे बोर्डाच्या सभासदांचे, फोटो आहेत. सगळे मिशाळ, सगळे वेस्टकोटातले, आणि सगळे माझ्याकडे बघून 'हा कोण?' असा चेहरा करून बसलेले.

परवा शनिवारी आमच्या प्रिन्सिपलचा, फिओनाचा, निरोप समारंभ झाला. हे कॉलेज म्हणजे फिओना. ती सोडून चालली म्हटल्यावर पुढे कॉलेज राहणार की नाही, हाच प्रश्न आहे. आमचा चेअरमन ग्रॅहम मला म्हणाला, "सुहास, तू बोल. हसव जरा लोकांना." मी हसवलं. खालचे सगळे किस्से सांगितले. शेवटचे तेवढे गाळले. ते सांगायची माझी छाती झाली नाही.

*

मुळात मी बोर्डावर आलोच कसा? 'बघू' म्हणालो म्हणून.

कॉलेजच्या गोठ्यातल्या मशीनसाठी आमच्या कंपनीने सॉफ्टवेअर दिलं होतं. त्या कामात फिओनाची ओळख झाली. एक दिवस तिचा फोन. "बोर्डावर येशील का? कॉम्प्युटर कळणारा माणूस हवाय."

आता मी पुण्याचा माणूस. तोंडावर 'नाही' म्हणायची आपल्यात पद्धत नाही. आपण काय म्हणतो? बघू! आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं, की 'बघू' म्हणजे काम होणार नाही. मी फिओनाला म्हणालो, "वी विल सी."

"स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत 'झकास', असं म्हणून तिने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात घरी नेमणुकीचं पत्र, सोबत कॉलेजचा टाय. मेधा, माझी बायको, हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. तिने टाय हातात घेऊन विचारलं, "तू हो म्हणालास?"

"अगं, मी बघू म्हणालो!"

"मग बघ आता," ती म्हणाली.

*

पहिली मीटिंग. ग्रॅहमची ओळख तिथेच झाली. सत्तरीतला मेंढपाळ, हात फावड्याएवढे, आणि शब्द अगदी मोजके. त्याने मला विचारलं, "टी?"

"नो, नो."

तो किटली घेऊन पुढे गेला.

पुढे गेला हो! आपल्याकडे 'नको नको' म्हटलं की समोरचा म्हणतो, 'अहो घ्या, अर्धा कप.' आपण म्हणतो, 'उगाच कशाला त्रास.' मग तो ओततो, मग आपण पितो. ही सगळी ठरलेली पावलं. मी पहिलं पाऊल टाकलं आणि समोरचा मांडवच सोडून गेला!

घाटातून गाडी चालवून घसा कोरडा पडलेला. मीटिंग दुपारपर्यंत चालली. मधल्या सुट्टीला इथे स्मोको म्हणतात. तिथे गरम स्कोन आले, लोणी आलं, जॅम आला. "स्कोन?" "नो, नो, आय ॲम फाइन." जित्याची खोड! ताट माझ्या नाकाखालून निघून गेलं. घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच फोडणीचा भात खाल्ला.

*

दुसऱ्या मीटिंगला मात्र मी तयारीने गेलो. म्हटलं आज बोलायचं, तज्ज्ञ म्हणून घेतलंय आपल्याला. विषयपत्रिकेवर होतं, 'डेअरीचा तोटा,' आणि खाली वेळ, पहाटे चारपासून.

आता इथे आल्या आल्या जो पहिला शब्द शिकलो तो डेअरी. डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. दूध, पाव, च्युइंगम. माझा मावसभाऊ ऑकलंडजवळ पापाटोएटोला डेअरीच चालवतो, त्यामुळे या धंद्यातलं मला बरंच कळतं असा माझा समज. मी पाच मिनिटं बोललो. दुकानात आइस्क्रीम ठेवा म्हणालो, समोसे ठेवा म्हणालो, गल्ल्याजवळ लॉटरीची तिकिटं ठेवा म्हणालो. सगळे अतिशय सभ्यपणे ऐकत होते. मला वाटलं, छाप पडतेय! मग मी हुकमाचं पान काढलं.

"आणि पहाटे चारला उघडायची गरजच काय? पहाटे चारला डेअरीत येतं कोण?"

ग्रॅहमने हातातला कप खाली ठेवला.

"गाई," तो म्हणाला.

फिओना टेबलाखाली पेन शोधायला वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. कान मात्र दिसत होते, लालबुंद.

*

त्या मिशाळ गव्हर्नरांनी एक नियम करून ठेवलाय, आणि तो अजून पाळतात. गव्हर्नरांनी वर्षातून एकदा स्वतःच्या हाताने जनावरं तपासायची. मी नवे गमबूट घालून गेलो. किमतीचं लेबल काढायचं राहिलं होतं, ते नंतर एका विद्यार्थिनीने सांगितलं.

ग्रॅहमने एक मेंढी माझ्यापुढे धरली. "टू-टूथ," म्हणाला. म्हणजे दोन दातांची. मी रीतसर तिचं तोंड उघडून मोजले. खाली आठ दात!

मी पुन्हा मोजले. आठच. म्हटलं, सापडला घोळ! सगळ्यांसमोर जाहीर केलं, "नोंद चुकीची आहे. हिला आठ दात आहेत."

"मोठे दोन," ग्रॅहम म्हणाला. "बाकीचे दुधाचे. त्यावरून वय कळतं."

मेंढीसुद्धा माझ्याकडे बघत होती. त्या दिवसापासून कॉलेजात मला ऑडिटर म्हणतात.

*

एवढं होऊनही, खोटं कशाला बोलू, या लोकांना मी आवडत होतो. तिसऱ्या वर्षी उपाध्यक्षाची जागा रिकामी झाली. फिओनाने आदल्या दिवशी फोनवर सुचवलं होतं, की तुझं नाव येणार आहे. मी मेधाला सांगितलं. मेधाने माझ्या आईला पुण्यात सांगितलं. आईने कोणाकोणाला सांगितलं ते विचारू नका. मेधाची एक मैत्रीण ऑकलंडहून येणार होती, तिला पेढे आणायला सांगून झालं.

मीटिंगमध्ये ग्रॅहम म्हणाला, "सुहास, तू होतोस का उपाध्यक्ष?"

माझ्या मनात लाडू फुटत होते. पण असं एकदम 'हो' कसं म्हणायचं? हावरटपणा दिसतो! मी हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणालो, "अहो, माझ्यापेक्षा किती जाणकार मंडळी आहेत इथे. मी कुठला?"

"फेअर इनफ," ग्रॅहम म्हणाला. "पुढचा विषय, शेणपाण्याचं तळं."

शेणपाण्याच्या तळ्यावर अर्धा तास चर्चा झाली. मी एक अक्षर ऐकलं नाही. पेढे आम्ही घरीच आठवडाभर चहाबरोबर खाल्ले, आणि आईला सांगितलं की ती जागाच रद्द झाली.

*

त्यानंतर फिओना आमच्याकडे जेवायला आली. होळीच्या आसपासचा शनिवार, म्हणून पुरणपोळी. फिओना शेतकऱ्याची मुलगी. पानात टाकायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. आणि आमच्याकडे पान रिकामं दिसलं की वाढायचं! म्हणजे ती संपवतेय आणि मेधा वाढतेय, ती संपवतेय आणि मेधा वाढतेय. "नो, थँक यू." "अगं, एक घे गं, पातळ आहे." वर तूप. पाचव्या पोळीला फिओनाच्या कपाळावर घाम आला.

"सुहास," ती माझ्याकडे वळून कळवळून म्हणाली, "ही परीक्षा आहे का? पास व्हायला किती लागतात?"

आमची लेक ईशा इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. तिने फिओनाला बाजूला घेऊन समजावलं. "पानावर हात आडवा धरायचा. आणि तीनदा नो म्हणायचं. द फर्स्ट टू डोन्ट काउंट."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिले दोन धरायचेच नाहीत. ते नुसते मॅनर्स. एव्हरीवन नोज दॅट."

फिओना हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. मग एकदम थांबली आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे ते उपाध्यक्षपद...?"

मी पुरणाच्या पातेल्यात बघत बसलो.

"ओ नो," ती म्हणाली. "ओ सुहास! आणि पहिल्या दिवशीचा चहा?"

तो पण, म्हटलं.

तेव्हापासून आमचा एक खेळच सुरू झाला. स्मोकोला मी स्कोनचं ताट पुढे केलं की ती म्हणायची, "नो," आणि एक बोट वर करायची. मी पुन्हा विचारायचो. "नो," दोन बोटं. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायची. ग्रॅहम आमच्याकडे बघायचा आणि काही न बोलता आपला स्कोन खायचा. अख्ख्या बोर्डात ही भाषा आम्हा दोघांनाच यायची.

*

पण माणूस शहाणा झाला की ताळतंत्र सोडतो. त्या पेढ्यांचा माझ्यावर असा परिणाम झाला, की मी इथल्या रीतीभातीचा पंडितच झालो. मराठी मंडळात नवीन आलेल्यांसाठी माझं भाषण ठेवलं होतं. मी ठणकावून सांगितलं, "मंडळी, इथे नाही म्हणजे नाही! आग्रह करू नका. लोकांना तो अपमान वाटतो. समोरच्याच्या निर्णयाचा मान ठेवायला शिका." टाळ्याबिळ्या पडल्या.

घरी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मेधा चिवडा देत होती, तर मी तिच्यावर खेकसलो, "नाही म्हणाला ना तो? सोड ना आता!"

तो माणूस जाताना डबा भरून चिवडा घेऊन गेला. त्यावरून तरी मला कळायला हवं होतं.

*

आता हे पुढचं मी शनिवारी गाळलं.

तीन वर्षं आमच्या कॉलेजवर टांगती तलवार होती. ख्राइस्टचर्चची एक मोठी संस्था आम्हाला गिळायला टपली होती. कॉलेज नावापुरतं राहणार, जमीन त्यांची, निर्णय तिकडून. फिओना एकटी लढली. एकटीच हो, आम्ही नुसते माना डोलवायला. वेलिंग्टनच्या कचेऱ्यांत खेपा घातल्या, गावोगावच्या शेतकऱ्यांना उभं केलं, स्वतःच्या रजा सोडल्या. आणि या जुलैत निकाल आला. कॉलेज स्वतंत्र राहणार!

तिने मीटिंगमध्ये ते वाचून दाखवलं. आमच्या बोर्डाने काय करावं? हार नाही, तुरे नाहीत, टाळी नाही. ग्रॅहम म्हणाला, "नॉट बॅड." त्याच्या तोंडून हे म्हणजे भारतरत्नच, हे मला माहीत आहे. पण तीन वर्षं झिजलेल्या बाईला दोन शब्द! आणि मी? मी म्हणालो, "वेल डन," आणि फोनवर आलेला मेसेज बघितला.

मग वसतिगृहाच्या गळक्या छपराचा विषय होता. फिओनाने फाइल मिटली. बाहेर वारा खिडक्या हलवत होता.

"त्याआधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "मला वाटतं आता तुम्ही नवीन कोणीतरी बघावं. मी आता पुढे नको."

ग्रॅहम स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. फिओनाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

माझ्या तोंडात आलं होतं, 'असं काय गं करतेस, थांब की.' अगदी दातांपर्यंत आलं होतं. मेधा असती तर तिने फिओनाचा हात धरून तिला खाली बसवलं असतं. पण माझ्यातला पंडित जागा झाला. इथे नाही म्हणजे नाही. आग्रह म्हणजे अपमान. मी घसा खाकरला आणि अस्सल किवी आवाजात म्हणालो, "फिओना, तुझ्या निर्णयाचा आम्ही आदर करतो."

तिने मिटलेली फाइल पुन्हा उघडली.

"फेअर इनफ," ग्रॅहम म्हणाला, पण या वेळी त्याला वेळ लागला. मग पद्धत म्हणून त्याने विचारलं, "राजीनामा स्वीकारायचा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोणाचं?"

"सेकंडेड!" मी म्हणालो. हातसुद्धा वर केला. सगळ्यांच्या आधी!

पुढचा विषय, गळकं छप्पर.

बाहेर गाडीपाशी ग्रॅहम माझी वाट बघत उभा होता. वाऱ्यामुळे टोपी हाताने धरून. "मला वाटलं, तू बोलशील काहीतरी," तो म्हणाला.

"बोललो की."

"नाही. तुम्ही लोक बोलता ना, तसं. मला जमत नाही ते." आणि ट्रकमध्ये बसून गेला.

मी घाटभर विचार करत होतो की याला नेमकं काय म्हणायचंय. खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट घरी जाऊन मेधाला सांगितलं, की आज मीटिंग मी फार नीट हाताळली.

*

आणि शनिवारचा समारंभ. विद्यार्थ्यांनी लोकर कातरायची मोठी शेड झाडून खुर्च्या मांडल्या होत्या. माझं भाषण झालं. डेअरी, दात, पुरणपोळी, सगळ्यांना लोक पोट धरून हसले. फिओनाही हसली. ख्राइस्टचर्चवाल्यांचे ग्रॅहमला पुन्हा फोन सुरू झालेत, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कोणी काढलं नाही.

मेधाने पेढे आणले होते. डबा घेऊन ती फिओनापुढे उभी राहिली.

"नो, थँक यू, मेधा."

"अगं, घे गं."

"नो, रिअली."

मी सवयीने मेधाला 'सोड ना' म्हणणार होतो, तेवढ्यात तिने पेढा सरळ फिओनाच्या हातावर ठेवला. "असं कसं? आमच्याकडून रिकाम्या हाताने जायचं नाही."

फिओनाने तो पेढा तोंडात टाकला आणि मेधाला घट्ट मिठी मारली. बराच वेळ सोडलीच नाही. मेधाचा खांदा ओला झाला.

लोक पांगले. मी तिच्या खोलीतलं शेवटचं खोकं तिच्या गाडीत ठेवलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "तू थांबली असतीस तर फार बरं झालं असतं, फिओना."

तिने गाडी सुरू केली होती. काच खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"सुहास, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी नको म्हणाले ना," ती म्हणाली, आणि स्टिअरिंगवरचा हात उचलून एक बोट वर केलं.

"ते पहिलं होतं."